उपडा ठेवलेला कप

९ फेब्रुवारी

चि. मेहुणीबाई हिस आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस आणि माझी वाक्यं लांब असतात.

विषय तुझी ताई. तिने गिटार घेतली आहे. हे वाद्य तू पाहिलं असशीलच. भोपळ्याला कंबर काढावी तसा त्याचा आकार असतो आणि ते वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर नुकत्याच झालेल्या वियोगाचा भाव असावा लागतो. आमच्या दातांच्या डॉक्टरांकडून तिने ते जुनं विकत आणलं. दाढ काढायला गेलेली बाई गिटार घेऊन परत येते, यावरून त्या दवाखान्याची कळा ओळख.

आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीत एक कॉफीगृह चालतं. एका आड एका शनिवारी संध्याकाळी तिथे मंडळी जमतात, कॉफी पितात आणि एकमेकांना गाणी ऐकवतात. ध्वनिक्षेपक नाही, विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. याला ते तत्त्व म्हणतात, मला ती काटकसर वाटते. ज्यांना कुणी पैसे देऊन ऐकणार नाही, अशा लोकांनी आळीपाळीने एकमेकांना सहन करण्याची ही सहकारी संस्था आहे. तुझी ताई वर्षभर तिथे जाते. मी समजत होतो, कप विसळायला जात असेल.

तर नाही! २१ मार्चला त्यांनी तिला एकटीला अर्धा तास दिला आहे. मी उदारपणे म्हटलं, "मी येईन."

"तुम्ही येऊ नका."

"का?"

"तुम्हाला आवडणार नाही."

"न आवडायलाच येतो."

यावर ती हसली नाही. कपाटाकडे गेली, मी चहा पिऊन उपडा ठेवलेला कप उचलला आणि "ओला कप उपडा ठेवला की खाली गोल डाग पडतो, किती वेळा सांगू," एवढंच म्हणाली. कप उपडा ठेवल्याने आत धूळ जात नाही, हे मीही तिला तितक्याच वेळा सांगितलेलं आहे.

मला काही फरक पडत नाही. पण तिथे येणारा दातांचा डॉक्टर ऐकणार, कोपऱ्यावरचा औषधवाला ऐकणार आणि नवऱ्याने तेवढं घरी बसायचं, यामागचं तर्कशास्त्र काय? तू तिला सहज विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझा,
भाऊजी

*

१३ फेब्रुवारी

ती. भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसण्यासाठी, दुसऱ्यांदा त्यात ताईबद्दल एखादा बरा शब्द आहे का ते शोधण्यासाठी. नाही सापडला. गिटारीला मात्र कंबर आहे हे तुमच्या लक्षात आलं, म्हणजे अजून आशा आहे.

"मला काही फरक पडत नाही" असं लिहून माणूस तीन पानं लिहितो का हो?

ती का नको म्हणते ते मला माहीत आहे. सांगणार नाही. तिच्या तोंडून आलं तर बरं. एक सुचवते. माझा घोटा जिन्यात मोडलाय, ते तुम्हाला कळलंच असेल. ताई येत्या बुधवारी माझ्याकडे येते आहे आणि आठवडा-दीड आठवडा राहील. म्हणजे २१ फेब्रुवारीच्या शनिवारी ती तिथे नसेल. तुम्ही जा. न बघता एवढं लिहिलंत, बघून आलात तर काय लिहाल याची मला उत्सुकता आहे. प्लास्टरमध्ये पडून करमणूक नाही काही.

एक अट आहे. तिथे कुणाचं वाक्य दुरुस्त करू नका.

तुमची,
लंगडी मेहुणी

*

२३ फेब्रुवारी

चि. लंगडीस आशीर्वाद.

तू सुचवलंस म्हणून गेलो, नाहीतर माझी ती वाट नव्हे.

खोलीचं वर्णन आधी करतो. घडीच्या खुर्च्या आहेत, त्यांतल्या निम्म्या बसल्यावर आपणहून घडी घालायला लागतात. भिंतीला लागून एक जुनी लाकडी पेटी, तिच्यात हरवलेल्या हातमोज्यांचा संग्रह. स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामधल्या भिंतीत एक रुंद खिडकी आहे, तिथून एक आजीबाई कॉफी देतात. कॉफीला मी नाव ठेवणार नाही, कारण ठेवायला तिला चवच नव्हती. माझ्या हातात कागदी पेला आला. "पहिल्यांदा आलेल्याला कागदी," आजीबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा आलात तर चिनी मातीचा." मी म्हटलं, तशी वेळ येणार नाही.

आता कलावंत. दातांचे डॉक्टर बॅंजो वाजवतात. आठवडाभर ज्यांना तोंड उघडं ठेवायला लावलं, त्यांनाच शनिवारी तोंड मिटून बसायला लावतात. औषधवाला माउथऑर्गनवाला निघाला. या वाद्यात श्वास आत घेतानाही आवाज होतो आणि सोडतानाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला सुटकेचा क्षण म्हणून नाही. बँकेतला कॅशिअर स्वतः रचलेली गाणी म्हणतो. 'मी एक नदी' असं त्याने आठ वेळा सांगितलं. नदी असता तर एखादं वळण तरी घेतलं असतं! चर्चचे पाद्री शेवटच्या रांगेत झोपले होते. सगळ्यांत तेवढेच मला जाणकार वाटले.

गाणाऱ्यांची निवड कशी होते ते कळलं नाही. डॉक्टर खिडकीपाशी जातात, कपांकडे बघतात आणि कुणाला तरी बोलावतात. लहर असावी. त्या गबाळ्या जागेत एकच सुसंस्कृत गोष्ट दिसली. काही मंडळी कॉफी पिऊन झाली की कप त्या खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवतात. तुझ्या ताईला मुद्दाम सांग. ही सवय जगात माझ्या एकट्याची नाही.

आता मुख्य. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची सगळ्यांनी रिकामी सोडली होती. मी बसायला गेलो तर औषधवाल्याने दंडाला धरलं. "ती आमच्या ताईंची." मी ओळख न देता विचारलं, कशा गातात? तो म्हणाला, "शब्द नसतात त्यांच्या गाण्यात. एकही नाही. नुसतं गुणगुणतात. पण खोलीत टाचणी पडली तर ऐकू येते."

आता तूच सांग. अर्धा तास नुसतं 'अं अं'! बाईला गाणी पाठ होत नाहीत एवढाच याचा अर्थ. मला विचारलं असतं तर शब्द लिहून दिले असते, खाली अर्थही दिला असता. मी येऊ नये असं तिला का वाटतं ते आता कळलं. लाज वाटत असणार, आणि ती रास्त आहे.

तुझा,
भाऊजी

*

२८ फेब्रुवारी

भाऊजी,

प्लास्टर पायाला आहे, हाताला नाही, म्हणून लगेच लिहिते. ताई बाजारात गेली आहे, ती यायच्या आत संपवते.

तुम्ही हुशार आहात असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायची. आज मागे घेते.

तुमच्या लग्नानंतर कॉलेजसाठी मी तुमच्याकडे दोन वर्षं राहिले होते, आठवतं का? ताई भाजी चिरताना गायची. कपडे वाळत घालताना गायची. आणि तुम्ही आतल्या खोलीतल्या शिकवणीतून खडूने भरलेला हात वर करत यायचात. "थांब थांब. या शब्दाचा अर्थ माहीत आहे?" ती थांबायची. मग तुम्ही अर्थ सांगायचात, मूळ धातू सांगायचात, त्याच धातूपासून झालेले आणखी चार शब्द सांगायचात. तोवर कढईतलं करपायचं. समजावून झालं की तुम्ही खूश होऊन म्हणायचात, "हं, आता म्हण." कुठलं आता म्हण! बसलेल्या पाखराला उडवून लावायचं आणि मग म्हणायचं, हं, आता बस.

तुम्ही वाईट कधीच बोलला नाहीत. बोलला असतात तर भांडता तरी आलं असतं.

आधी तिने अवघड शब्दांची गाणी सोडली. मग सोप्या शब्दांचीही, कारण सोप्या शब्दालाही तुमच्याकडे गोष्ट असायचीच. मग घरात गाणंच सोडलं. तुम्हाला कळलंही नाही. एका पत्रात तुम्ही मला लिहिलं होतंत, "हल्ली घरात कशी छान शांतता असते, वाचन होतं."

काल संध्याकाळी ती माझ्या पलंगाशी बसून गुणगुणत होती. मी विचारलं, शब्द का नाही गं? म्हणाली, "शब्द नसले की कुणाला थांबवायला जागाच नाही." आणि म्हणाली, "ते समोर बसले की मला शब्द आठवायला लागतील. मग मी आपली आपणच थांबेन."

हे कारण. लाजबीज काही नाही. तेव्हा माझं ऐका, २१ मार्चला घरी बसा. तिचा एक अर्धा तास तिला पूर्ण होऊ द्या.

जिन्यात पाऊल वाजलं. थांबते.

*

५ मार्च

चि. मेहुणीस,

पत्र पोचलं.

अर्थ सांगणं हा गुन्हा असेल तर संस्कृतचा मास्तर म्हणून मी सरकारमान्य, पगारी गुन्हेगार आहे आणि दरवर्षी शंभर मुलांवर तो करतो. त्यांच्यापैकी अजून कुणी गिटार घेतलेली नाही.

तू जे वर्णन केलं आहेस ते अतिरंजित आहे. कढई करपली असेल एखाद्या वेळी. आच मंद ठेवायला मी कधी मनाई केली नव्हती.

२१ तारखेला मी जाणार नाही. मुळात जायचं होतं कुणाला? कागदी पेला, घडी होणाऱ्या खुर्च्या, नदी झालेला कॅशिअर! मला उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत.

तुझी ताई सोमवारी परत आली. तुझा पाय बरा आहे म्हणाली. मी आणखी काही विचारलं नाही.

भाऊजी

ता. क. त्या दिवशी ती नेमकं काय गुणगुणणार आहे, हे तुला ठाऊक आहे का? कुतूहल म्हणून विचारलं. कळवलं नाहीस तरी चालेल.

*

२५ मार्च

भाऊजी,

काय केलंत तुम्ही?

रविवारी ताईला फोन केला. कसं झालं विचारलं, तर हसायलाच लागली. थांबेना. मध्येच म्हणाली, "अगं, कप..." आणि पुन्हा हसू. मग म्हणाली, "त्यांनाच विचार, मला नाही सांगता येणार."

तुम्ही गेलात ना? मी एवढं लिहूनसुद्धा? तिचा अर्धा तास मोडलात का? हसत होती म्हणून अजून शिव्या दिल्या नाहीत. तयार ठेवल्यात. सगळं लिहा, आणि शोभेचं काही लिहू नका.

मेहुणी

*

३० मार्च

चि. मेहुणीबाईस आशीर्वाद.

शिव्या जपून ठेव, पुढेमागे लागतील.

गेलो, हे खरं. तुझी ताई छत्री घरी विसरली होती. पावसाचं चिन्ह नव्हतं, पण जबाबदारी ती जबाबदारी. खोलीत शिरायचं नाही, मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन छत्री ठेवायची आणि निघायचं, असा विचार होता. तिथे त्या आजीबाई होत्या. त्यांनी मला बरोबर ओळखलं. "दुसऱ्यांदा आलात ना?" म्हणून चिनी मातीचा कप हातात दिला. नको म्हणायची सोय नव्हती, कारण पलीकडे तुझ्या ताईने सुरू केलं होतं आणि बोललो असतो तर ऐकू गेलं असतं.

खिडकीच्या कडेला भिंतीआड उभा राहिलो. मला ती दिसत होती, तिला मी दिसत नव्हतो.

गाण्याबद्दल तू विचारणारच. गिटार तिला फारशी येत नाही. बोटं चाचपडतात. डॉक्टरांनी शिकवली आहे, दुसरं काय होणार! आवाज... आवाज बरा होता. मध्ये एकदा ती चाल अशा जागी आली की तिथे कुठला शब्द होता ते मला आठवलं. आमच्या पहिल्या घरात ती ते म्हणायची. मी तोंड उघडलं. मग उघडलेल्या तोंडाचं काय करायचं ते न कळल्यामुळे कॉफी प्यायलो. असं तीन-चार वेळा झालं आणि कॉफी संपली. अर्धा तास पूर्ण झाला. कुणी थांबवलं नाही. याहून जास्त त्याबद्दल मी लिहिणार नाही.

कप संपला, तो सवयीने कट्ट्यावर उपडा ठेवला.

आता त्या लोकांच्या बुद्धीची कमाल ऐक. ज्याला गाणं म्हणायचं असेल त्याने आपला कप उपडा ठेवायचा, हा तिथला नियम आहे! मी ज्याला स्वच्छता समजत होतो ती अर्ज करायची पद्धत निघाली. डॉक्टर खिडकीशी आले. "आज एकच आहे. कुणाचा?" आजीबाईंनी चमचा माझ्याकडे रोखला. मी घाईने कप सुलटा केला. आजीबाईंनी तो पुन्हा उपडा केला. "गायल्याशिवाय सुलटा होत नाही," त्या म्हणाल्या, जणू हे पुराणात लिहिलं आहे.

सगळी खोली वळली. तिसऱ्या रांगेत परत जाऊन बसलेल्या तुझ्या ताईनेही वळून पाहिलं. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग असता तर ओळखीचा होता.

मागे दार होतं, हातात छत्री होती, पळून जायला लागणारं सगळं साहित्य जवळ होतं. पण पळालो असतो तर तिची ती संध्याकाळ 'नवरा पळाला तो दिवस' म्हणून त्या खोलीत कायमची सांगितली गेली असती. डॉक्टर दाढ काढताना सांगतील, औषधवाला पुड्या बांधताना सांगेल. ते मला मान्य नव्हतं. गेलो आणि उभा राहिलो.

गाणी मला पुष्कळ येतात. पण सगळी अर्थासकट येतात, चालीवर एकही नाही. शेवटी रोज सकाळी बाहेरच्या खोलीत शिकवणीच्या मुलांकडून जे म्हणवून घेतो तेच तोंडातून निघालं. 'देव' शब्द चालवायला लागलो. "देवः देवौ देवाः. देवम् देवौ देवान्." एक देव, दोन देव, पुष्कळ देव. एकाच देवाच्या घरात उभा राहून मी त्याचं द्विवचन आणि बहुवचन करत होतो आणि पाद्रीबाबा जागे होऊन मान डोलवत होते!

त्या मूर्खांना वाटलं हे प्राचीन स्तोत्र आहे. तिसऱ्या ओळीला कॅशिअरने डोळे मिटले. चौथीला औषधवाल्याने माउथऑर्गन काढला. पाचवीला मला गिटार ऐकू आली. मी तिकडे बघितलं नाही.

षष्ठीपर्यंत पोचलो आणि सातवी ओळ गेली. गेली म्हणजे गेली. जी ओळ अडल्याबद्दल मी दोन पिढ्यांना बाकावर उभं केलं, ती समोर आलीच नाही. माउथऑर्गन थांबला. टाचणी पडण्याची वेळ आली.

आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "देवे देवयोः देवेषु."

चालीवर. खुर्चीत बसल्या बसल्या, गिटारीवरची नजर न काढता. आजीबाई खिडकीतून ओरडल्या, "अगंबाई, हिच्याकडे शब्द आहेत!"

तिला ते कधी पाठ झालं? सकाळी मी बाहेरच्या खोलीत मुलांकडून म्हणवून घेतो तेव्हा ती आत स्वयंपाकघरात असते. इतकी वर्षं ते सगळं भिंतीतून ऐकत होती, आणि एकदाही बाहेर येऊन मला थांब म्हणाली नव्हती.

पुढचं दोघांनी मिळून म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. तुझी शपथ, सगळ्या खोलीने "हे देव, हे देवौ, हे देवाः" म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. इतक्या सामान्य दर्जाच्या श्रोत्यांनी आजवर माझं कौतुक केलेलं नाही.

मग तो कॅशिअर उठला. डोळे ओले. "सर, फार खोल होतं. याचा अर्थ काय हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढा उत्सुक वर्ग मला शाळेत कधी मिळाला नाही. विभक्ती म्हणजे काय इथपासून सुरुवात करून, मूळ धातूपर्यंत जाऊन, मी त्यांना जेवायच्या वेळेपर्यंत सहज बसवून ठेवलं असतं. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात दिसलं की तुझ्या ताईने गिटारीच्या तारांवर पंजा सपाट ठेवला आहे, आवाज बंद करण्यासाठी ठेवतात तसा. ती आता माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "काही नाही हो. नुसतं म्हणायचं असतं."

कॅशिअर हिरमुसला. आजीबाईंनी कप सुलटा केला.

येताना ती कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "छत्री कशाला आणली होतीत?"

"पाऊस आला तर."

"हं."

मग हसायला लागली आणि घराची किल्ली लागेपर्यंत हसत होती. चारचौघांत नवऱ्याची फजिती झाली की बायकोची प्रकृती इतकी सुधारते, हे मला आधी माहीत नव्हतं.

माझं त्या जागेबद्दलचं मत बदललेलं नाही. कॉफी भिकार, खुर्च्या धोकादायक, कॅशिअर अजून नदीच आहे. येत्या शनिवारी जाणार आहे, पण ते केवळ चिनी मातीचा कप मिळतो म्हणून.

आज सकाळी चहा पिऊन कप नेहमीसारखा कपाटावर उपडा ठेवला. ती भाजी चिरत होती. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डागाबद्दल काही बोलली नाही. "म्हणा," म्हणाली.

म्हटलं. षष्ठीपर्यंत नीट गेलं. मग मी थांबलो, आणि पुढचं ती म्हणाली.

तुझा,
भाऊजी